खोलीतल्या उजेडासाठी कॅमेरा

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: मेगापिक्सेल किती आणि झूम किती पट. घरच्यांचे फोटो कसे येणार हे ज्या दोन आकड्यांवर ठरतं ते मात्र शोधावे लागतात, बहुतेकदा माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत. एक सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचा आकार, दुसरा लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र. बेताच्या पैशांत प्रवासाला आणि घरी, दोन्हीकडे चालेल असा कॅमेरा घ्यायचा असेल तर सुरुवात याच दोन आकड्यांपासून करावी, बाकीचं सगळं त्यानंतर बघावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण प्रवासातले फोटो त्या मानाने सोपे असतात. भर उन्हातला डोंगर, समुद्र, जुनी इमारत यांचा फोटो कुठलाही कॅमेरा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० वर, सेकंदाच्या काहीशेव्या भागात काढतो. समोरचं काही हलत नाही आणि उजेड हवा तेवढा असतो. अवघड असतं ते दिवे लागल्यावर खोलीत रांगणारं बाळ. आपल्याला खोली चांगली उजळ वाटते, कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडातला फरक भरून काढतात. प्रत्यक्षात भर उन्हाच्या तुलनेत दिव्यांच्या खोलीत सुमारे पाचशे पट कमी प्रकाश असतो. छायाचित्रणाच्या मापात हे नऊ स्टॉप झाले, म्हणजे नऊ वेळा निम्मा केलेला प्रकाश. खोलीत निभावणारा कॅमेरा उन्हात निभावतोच. उन्हात छान फोटो काढणारा खोलीत निभावेलच असं मात्र नाही.

हा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. बऱ्यापैकी दिवे लावलेली खोली आहे आणि समोरचं माणूस हातवारे करत बोलतंय. फोटो हलू नये म्हणून शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ, १/१६० सेकंदाच्या आसपास हवं. लेन्सचं अपर्चर एफ १.८ असेल (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) तर त्यासाठी आयएसओ ८०० पुरतो. एफ ३.३ असेल तर २७०० च्या घरात जावं लागतं. आणि मोठ्या झूमची लेन्स पूर्ण ताणून एफ ६.९ वर आलेली असेल तर जवळपास १२,००० लागतो. लहान सेन्सरचे बरेचसे कॅमेरे ३२०० किंवा ६४०० च्या वर जातच नाहीत, मग ते शटर मंद करतात आणि फोटो हलतो. शिवाय आयएसओ वाढवला म्हणून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. पडलेला थोडका प्रकाशच वाढवून दाखवला जातो, आणि त्याबरोबर रवाळपणाही वाढतो. तो झाकायला कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो, त्यात चेहऱ्यावरच्या रेषा, पापण्या, केसांच्या बटा विरून जातात. माणसाची ओळख तर त्यांच्यातच असते.

इथे इमेज स्टॅबिलायझेशनबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. कॅमेरा धरणाऱ्याचा हात थरथरला तर ही सोय तो थरथराट भरून काढते. समोरचं मूल पळत असेल तर तिचा काही उपयोग नाही. ‘अंधारातही स्थिर फोटो’ ही जाहिरात इमारतींच्या बाबतीत खरी असते, मुलांच्या बाबतीत नाही.

आता सेन्सरचा आकार. साध्या कॉम्पॅक्टमध्ये तो १/२.३ इंची असतो, चांगल्यांत १ इंची. हे इंच अक्षरशः घ्यायचे नाहीत. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत चित्र टिपणारी काचेची नळी असे. तिच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावं पडली, आणि नळीचा चित्र टिपणारा भाग त्याहून बराच लहान असे. त्यामुळे १ इंची म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो आणि १/२.३ इंची जेमतेम ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या चौपट भरतो. तेवढ्याच तीव्रतेचा प्रकाश चौपट जागेवर गोळा झाला की आयएसओ ८०० चा फोटो लहान सेन्सरच्या आयएसओ २०० इतका स्वच्छ दिसतो. त्यात एफ १.८ ची लेन्स मिळाली तर दोन्हींचा फायदा एकत्र होतो. खोलीतल्या उजेडातला फरक इथे पडतो, २० मेगापिक्सेलचे २४ झाले म्हणून नव्हे.

मेगापिक्सेलचा प्रश्न तर केव्हाच सुटला आहे. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १३ बाय १० इंच छापता येतो. २० मेगापिक्सेलचा १८ बाय १२ इंच. भिंतीवर लावायला आणखी काय हवं?

१ इंची सेन्सर खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात घालून तो लोकप्रिय केला सोनीच्या आरएक्स१०० ने, २०१२ मध्ये. त्याची लेन्स २८ ते १०० मिलिमीटर समतुल्य (३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबाने; आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळचं), रुंद टोकाला एफ १.८, पण पूर्ण झूमला एफ ४.९. म्हणजे झूम केला की प्रकाश सातपटीहून कमी. ही उणीव २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत भरून निघाली: २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८, वर उचलून डोळा लावून बघायचा छोटा व्ह्यूफाइंडर आणि पुढे वळणारी स्क्रीन. वजन २९० ग्रॅम. त्याच वर्षी कॅननचा जी७ एक्स आला. त्यात व्ह्यूफाइंडर नाही, पण लेन्स २४ ते १०० मिलिमीटर आणि पूर्ण झूमलाही एफ २.८. घरच्या फोटोंसाठी ही लेन्स मला फार योग्य वाटते. १०० मिलिमीटरला दोनेक मीटर मागे उभं राहून चेहरा टिपला की नाक-कान प्रमाणात येतात आणि मागचा पसारा थोडा पुसट होतो. पुढच्या आवृत्त्यांत फोकसचा वेग, सलग फोटो काढण्याची क्षमता आणि व्हिडिओ सुधारले, पण खोलीत काढलेल्या एका स्थिर फोटोत तेवढा मोठा फरक पडला नाही. म्हणून पैसे बेताचे असतील तर दोन पिढ्या जुना १ इंची कॅमेरा नव्याकोऱ्या १/२.३ इंचीपेक्षा शहाणपणाचा.

प्रवासात लांबचा झूम हवाच असेल तर मधला रस्ता आहे. पॅनासोनिकच्या टीझेड१०० मध्ये १ इंची सेन्सरवर २५ ते २५० मिलिमीटरची लेन्स आहे, एफ २.८ ते ५.९. सोनीच्या आरएक्स१०० ची सहावी आवृत्ती २४ ते २०० मिलिमीटर देते, एफ २.८ ते ४.५. दोन्हींत रुंद टोकाचा प्रकाश एफ १.८ च्या मानाने निम्म्याहूनही कमी होतो, आणि ती किंमत डोळे उघडे ठेवून मोजावी. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावरच्या मुलाचे फोटो काढणं हे ज्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे, त्यांनी हाच पर्याय घ्यावा. रंगमंचावर उजेड खोलीपेक्षा बरा असतो आणि जागा सोडून पुढे जाता येत नाही.

चाळीस पट झूम वेगळी गोष्ट. कॅननच्या एसएक्स७४० मध्ये २४ ते ९६० मिलिमीटर मिळतात, तेही ३०० ग्रॅमच्या आत. अभियांत्रिकी म्हणून कौतुक करावं असंच ते काम आहे. पण पूर्ण झूमला अपर्चर एफ ६.९ होतं, आणि एवढ्या लहान सेन्सरवर एवढ्या बारीक छिद्रातून आलेला प्रकाश विवर्तनामुळे पसरतो, एकेक बिंदू कित्येक पिक्सेलवर फाकतो. २० मेगापिक्सेल कागदावर राहतात. हवेतली धूळ आणि उन्हाने थरथरणारी हवाही चित्रात उतरते. ज्याला पक्षी बघायचे आहेत, चंद्राचे खड्डे टिपायचे आहेत, त्याने जरूर घ्यावा. मुलांसाठी घेऊ नये.

रिकोच्या जीआर कॅमेऱ्यांची स्तुती सतत कानावर येते आणि ती योग्यच आहे. एपीएस-सी सेन्सर, म्हणजे १ इंचीच्या तिप्पट क्षेत्रफळ, आणि बहुतेकांत २८ मिलिमीटरची अतिशय धारदार लेन्स. पण झूम नाही, आणि तिसऱ्या आवृत्तीत अंगचा फ्लॅशही नाही. रस्त्यावर चालता चालता फोटो काढणाऱ्याचं ते साधन आहे. कुटुंबाचा एकुलता एक कॅमेरा म्हणून मी तो सुचवणार नाही.

मग हातातला मोबाइल काय वाईट, हा प्रश्न अगदी रास्त आहे. रात्रीची दिव्यांनी उजळलेली इमारत, ताटातलं अन्न, शांत बसलेलं माणूस यांत चांगला मोबाइल १ इंची कॉम्पॅक्टलाही मागे टाकतो, कारण तो एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. समोरचं हलायला लागलं की ही युक्ती लंगडी पडते, हातापायांच्या कडा फाटतात किंवा पुसट होतात. झूमच्या मधल्या टप्प्यांत, म्हणजे एका लेन्सवरून दुसरीवर जाण्याआधी, तो मधलाच भाग कापून मोठा करतो. आणि मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एलईडी. कॉम्पॅक्टमधला झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन पेटून विझतो, आणि उडी मारलेलं मूल हवेत थिजवतो. थोडक्यात, मोबाइल बरा असेल तर १/२.३ इंची कॉम्पॅक्ट घेण्याची दोनच कारणं उरतात: लांबचा झूम किंवा पाणी.

पाण्याचं म्हणायचं तर ऑलिम्पसचा टीजी-६ आणि त्याच्यामागून आलेला टीजी-७ १५ मीटर खोलीपर्यंत चालतात. खोलीतल्या अंधुक उजेडात ते मागे पडतात, पण तळ्यात, पावसात, वाळूत मुलाच्या हाती निर्धास्त देता येतात. बॅटरीच्या दाराचं रबरी सील दर वेळी बंद करण्याआधी बघायचं. एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरतं. समुद्रातून आल्यावर दार न उघडता गोड्या पाण्यात बुडवून मीठ धुवायचं, पुसून कोरडा करून मगच उघडायचा. सेकंडहँड घेतला असेल तर सीलचं वय माहीत नसतं, तेव्हा पावसापुरता भरवसा ठेवावा, पोहण्यापुरता नको.

खरेदीतला सर्वांत मोठा सापळा आहे तो अनोळखी नावाच्या, ४८ किंवा ६४ मेगापिक्सेलचा दावा करणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांचा. छायाचित्रं बघून ते खऱ्या कॅमेऱ्यासारखेच वाटतात. आत साध्या मोबाइलपेक्षाही लहान सेन्सर, बऱ्याचदा न हलणारी लेन्स, आणि मेगापिक्सेल नंतर फुगवून भरलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या झूम लेन्सच्या कड्यावर फोकल लांबी आणि अपर्चर कोरलेलं असतं, जसं जी७ एक्सवर ८.८ ते ३६.८ एमएम (ही प्रत्यक्ष लांबी, वरचे २४ ते १०० समतुल्य), १:१.८ ते २.८. हे आकडे नसतील, ‘१६ एक्स डिजिटल झूम’ लिहिलं असेल, फ्लॅशच्या जागी पांढरा एलईडी दिसत असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. मुलांसाठी म्हणून हे घेतले जातात, याचं जास्त वाईट वाटतं. मुलाला वाटतं आपल्यालाच फोटो काढता येत नाहीत.

दुसरा मोह वीस वर्षांपूर्वीच्या, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टचा. त्या फोटोंत जे आवडतं ते बरंचसं थेट मारलेल्या फ्लॅशचं आणि त्या काळच्या रंगसंस्कारांचं असतं. हौसेला ते ठीक. पण आयएसओ ४०० च्या वर त्यांचे फोटो खराब होत जातात, म्हणजे खोलीत फ्लॅशवाचून गत्यंतर नाही.

जुन्याकडे वळावं लागतं याला कारणही आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० मध्ये अंगच्या लेन्सचे दहा कोटींहून जास्त कॅमेरे जगभर रवाना झाले. २०२३ मध्ये वीस लाखही नाहीत. नवी मॉडेलं मोजकी आणि महाग, तर जुनी भरपूर. म्हणून सेकंडहँड कॅमेरा तपासता यायला हवा, आणि त्याला अर्धा तास पुरतो.

आधी तो चालू-बंद करत राहा, आठ-दहा वेळा. नळीसारखी बाहेर येणारी लेन्स एका लयीत सरकली पाहिजे. घरघर झाली, मध्येच अडखळली किंवा तिरकी आली, तर आत वाळू गेली आहे किंवा कॅमेरा पडला आहे, आणि काही दिवसांत स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ येणार. मग सर्वांत बारीक अपर्चर, एफ ८ किंवा एफ ११ लावून, पूर्ण झूम करून, मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. राखाडी गोल ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आत-बाहेर होणारी लेन्स हवेबरोबर खिशातली कसपटंही ओढून घेते, आणि कॉम्पॅक्ट खोलल्याशिवाय ती निघत नाहीत. तिसरी तपासणी लोक विसरतात. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट लावा, कॅमेरा टेबलावर ठेवून समोरून, रुंद टोकाला आणि सर्वांत मोठ्या अपर्चरला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर ते लेन्सच्या जातीतच आहे. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच सरकलेली आहे, तो कॅमेरा सोडून द्या. लेन्समध्ये टॉर्च तिरका मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा, ती बुरशी. ओलसर हवेत कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास सापडते. फ्लॅश पाच-सहा वेळा उडवा. बॅटरी काढून बघा, फुगलेली असेल तर खाचेत अडकते आणि ओढताना दारच तुटतं.

बॅटरीचा विचार प्रवासासाठी वेगळा करावा लागतो. खिशातल्या कॅमेऱ्याची बॅटरी लहानच असते, प्रमाणित चाचणीत साधारण २०० ते ३५० फोटो. आरएक्स१०० च्या मालिकेतली एनपी-बीएक्स१ सातव्या आवृत्तीपर्यंत तीच राहिली, ती ४.५ वॅट-अवर भरते. तेव्हा एक जादा हवीच. विमानात सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या बॅगेत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावी लागते, धातूची टोकं किल्ल्या-नाण्यांना टेकणार नाहीत अशी झाकून. यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज होणारं मॉडेल असेल तर वेगळा चार्जर वाहावा लागत नाही.

कार्डाबाबत एवढंच: २५६ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्यावीत, म्हणजे एक हरवलं तर अर्धा प्रवास तरी हाती राहतो. फोटो कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेल्या कार्डावर घ्यावेत. फार जुन्या कॅमेऱ्यांत अडचण येते. ६४ जीबीपासूनची कार्डं ज्या एसडीएक्ससी प्रकारात मोडतात तो २००९ मध्ये ठरला, त्याआधीचे कॅमेरे सहसा ३२ जीबीपर्यंतच घेतात, आणि २००६ च्या आधीचे २ जीबीपर्यंत.

कॅमेरा हाती आला की तो पूर्ण ऑटोवर सोडून देऊ नये. ऑटो मोडला समोर मूल आहे की फुलदाणी हे नेहमी कळत नाही, आणि तो आयएसओ वाचवायच्या नादात शटर १/३० पर्यंत खाली आणतो. मेनूत ऑटो आयएसओची कमाल मर्यादा आणि किमान शटर वेग ठरवायची सोय असेल तर १ इंची सेन्सरला मर्यादा ३२०० ठेवावी आणि शटर १/१२५. खेळणारी मुलं असतील तर १/२५०, धावणारी असतील तर १/५००. ही सोय नसेल तर शटर प्रायॉरिटी वापरावी, म्हणजे शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेऱ्याने. थोडा रवाळ फोटो छापल्यावर खपून जातो. हललेला फोटो कशानेच दुरुस्त होत नाही. चेहरा ओळखणारा फोकस चालू ठेवावा, आणि बटण अर्धं दाबून फोकस आधीच घेऊन थांबावं, म्हणजे हसू आलं त्या क्षणाला बटण पूर्ण दाबलं की फोटो निघतो.

झूमबद्दल एक सवय लावून घेण्यासारखी आहे. खोलीत झूम न करता दोन पावलं पुढे जावं, कारण एफ १.८ फक्त रुंद टोकालाच मिळतं. मात्र २४ मिलिमीटरला चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नये, नाक मोठं दिसतं. आणि ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी.

फ्लॅशला लोक घाबरतात, ते त्याच्या चुकीच्या वापरामुळे. एक मीटरवर जेवढा प्रकाश पडतो त्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच तीन मीटरवर पोचतो. म्हणून पुढचा माणूस पांढराफटक आणि मागची खोली काळीकुट्ट येते. आयएसओ ४०० ते ८०० ठेवून स्लो सिंक (फ्लॅशबरोबर शटर जास्त वेळ उघडं ठेवणारी सोय) लावला की खोलीतले दिवेही चित्रात येतात आणि फ्लॅशला कमी काम करावं लागतं. फ्लॅशची तीव्रता एक स्टॉप उतरवली तर कातडीचा रंग जागेवर राहतो. रेड-आय, म्हणजे फ्लॅशने डोळे लाल येणं, कमी करणारी सोय बंद ठेवावी, असं मी सांगेन. आधीचा लखलखाट झाला की लोकांना वाटतं फोटो निघाला, आणि खरा फोटो निघताना सगळे हललेले असतात. फ्लॅशचा सर्वांत चांगला उपयोग तर भर दुपारी होतो, टोपीखालचा किंवा उन्हाकडे पाठ केलेला चेहरा उजळायला. कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे फ्लॅश वेगवान शटरशीही जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२०० किंवा १/२५० ला गाडी अडते.

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिनिटापर्यंत जुळवून घ्यावं. महिनोन्महिने बॅटरीशिवाय पडून राहिलेला कॅमेरा तारीख विसरतो, आणि मग सगळे फोटो कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखेखाली जाऊन बसतात. वेगळ्या कालविभागात जाणार असाल तर मेनूत ‘होम’ आणि ‘ट्रॅव्हल’ अशा दोन वेळा ठेवायची जागा सहसा असते, तिथे फक्त निवड बदलायची. विसरलंच तर पहिल्या संधीला मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा. दोन्ही वेळांतला फरक त्यावरून निघतो, आणि घरी आल्यावर सगळ्या फोटोंची वेळ संगणकावर एकदमच तेवढ्याने पुढे-मागे करता येते.